सगळ्या गल्लीचं एकच रक्त

"बाई, तुमच्या गल्लीत सगळे एकमेकांचे जुळे आहेत का हो?"

फोनवर यंत्रवाले होते. सरकारी प्रयोगशाळेत रक्तातले धातू मोजायचं महागडं यंत्र होतं. ते हे गृहस्थ चालवायचे, आणि त्याच्याशी बायकोपेक्षा जास्त बोलायचे.

"सकाळी सकाळी काय झालं?" रसायनबाईंनी विचारलं. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. हे नाव गल्लीनं ठेवलेलं, आणि आता ऑफिसातसुद्धा चिकटलेलं.

"ठिणगी कोण?"

"माझ्या भावाची मुलगी. पहिलीत आहे."

"आणि कोपऱ्यावरचे आजोबा? सिगारेटनं सिगारेट पेटवणारे?"

"त्यांचं काय?"

"दोघांचं रक्त एक. शिसं एक, जस्त एक, तांबं एक. शिंप्याच्या सुनेचे दिवस भरत आलेत ना? तिचंही तेच. आणि बाई... तुमचंही तेच."

बाईंनी घास तसाच ताटात ठेवला आणि चपला घातल्या.

गल्लीच्या टोकाला कारखाना होता. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, वितळवायच्या आणि शिसं काढायचं. त्या भट्टीवर बाईंचे वडील कामाला होते. आधी हात थरथरायला लागले, मग डोकं चालेना, मग माणूसच गेला. आता ठिणगीचं पोट दुखायचं. महिन्यापूर्वी येत असलेली अक्षरं ती विसरत होती.

म्हणूनच गल्लीनं भांडून रक्ततपासणी मिळवली होती. भीती घालवायला बाईंनी सगळ्यांत आधी स्वतःचा दंड पुढे केला होता. शिसं जास्त निघालं तर मुलांवर सरकारी खर्चानं उपचार आणि भट्टीला टाळं. कमी निघालं तर कारखान्याला दुसऱ्या भट्टीचा परवाना. सभा उद्या दुपारी, कारखान्याच्याच कँटीनमध्ये.

आणि कागद सांगत होता, शिसं कमी आहे. सगळ्यांचं. एकसारखं.

"यंत्र बिघडलं असेल," बाई प्रयोगशाळेत शिरताच म्हणाल्या.

यंत्रवाल्यांचा चेहरा पडला. कुणी त्यांच्या मुलाला नापास म्हटल्यासारखा.

"काहीही बोला, पण ह्याला बोलू नका. दुसऱ्या गावचे नमुने मधेमधे घालून पाहिले. ते बरोबर वेगवेगळे येतात."

बाई खुर्चीत बसल्या.

"वेगवेगळेच यायला हवेत. रक्तातले धातू म्हणजे माणसाची चहाडी. सिगारेटवाल्यात कॅडमियम जास्त, रोज मासे खाणाऱ्यात पारा जास्त. दिवस गेलेल्या बाईत तांबं वाढतं. अंगात लोह कमी असेल तर मँगेनीज चढतं. आणि लहान मुलं धुळीचे हात तोंडात घालतात, म्हणून शिसं त्यांच्यात जास्त. एका घरातल्या सख्ख्या बहिणींचंसुद्धा जुळत नाही. इथं अख्खी गल्ली जुळते?"

"म्हणजे?"

"म्हणजे ह्या सगळ्या नळ्यांत एकाच माणसाचं रक्त आहे. रक्तगट तपासून घ्या, आणि माझं परत काढा."

तासाभरात दोन्ही झालं. सगळ्या नळ्यांचा गट एकच. बाईंचा स्वतःचा गट तो नव्हताच. आणि त्यांच्या ताज्या रक्तात शिसं कागदावरच्या आकड्याच्या कितीतरी वर होतं.

"अजून एक गंमत आहे," यंत्रवाले म्हणाले. "शिशाबरोबर यंत्र बाकीचेही धातू मोजतं. कुणी मागत नाही म्हणून आपण छापत नाही. ह्या एका माणसाच्या रक्तात कोबाल्ट आणि क्रोमियम, दोन्ही भलतेच चढलेत. जोडीनं."

"जोडीनं कशामुळे चढतात?"

"कठीण मिश्रधातू कुठंतरी सतत घासला जात असेल तर. तुमच्या गल्लीत काय घासतात?"

"भांडी. आणि एकमेकांची नाकं."

गुन्हेगार कोण ते नंतर. आधी रक्त बदललं कुठं? बाईंनी रक्त काढणाऱ्या नर्सला गाठलं.

"नळ्या तुम्ही स्वतः भरल्या?"

"स्वतः. स्वतः चिठ्ठ्या चिकटवल्या."

"कुणाला त्रास झाला? शीर सापडली नाही, दोनदा टोचावं लागलं, असं?"

नर्स दुखावली. "मॅडम, मी एकाच टोचणीत काढते. सगळ्यांच्या डाव्या हातातून. विचारा कुणालाही."

"मग नळ्या लगेच का नाही आल्या?"

ती गोष्ट सगळ्या खात्याला तोंडपाठ होती. प्रयोगशाळेची गाडी गल्लीतच पंक्चर झाली. जास्तीचं चाक काढायला गेले तर चाकच नाही. प्रयोगशाळेच्या पहारेकऱ्यानं त्याचा पोरांना झोका करून दिला होता. मग डबा गल्लीतल्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजमध्ये ठेवला, सकाळपर्यंत.

आइस्क्रीमवाला एक हात गळ्यात अडकवून दुकानात बसला होता. समोर चिटपाखरू नव्हतं.

"धंदा बसला हो बाई. लोक म्हणतात, ह्याच्या स्ट्रॉबेरीत काय आहे ते देव जाणे."

"हात कशानं मोडला?"

"तुमच्या काकांच्या त्या मालिशच्या तेलानं. शेजारणीनं पायरीवर सांडलं, आणि मी आपला... गल्लीतले सगळे लंगडे बरे होणार होते, आणि धडधाकट होतो तो मी मोडलो."

"फ्रीजची चावी कुणाकडे होती त्या रात्री?"

"काकांकडे. म्हणाले, जनतेचं रक्त आहे, राखण मीच करणार. दारात खुर्ची टाकून बसले. मी घरी जाऊन झोपलो."

बाईंना हायसं वाटलं. काका राखणीला होते म्हणजे काकांनी काहीतरी पाहिलं असणार.

काका म्हणजे भोंगाकाका. बाईंच्या वडिलांचे धाकटे भाऊ. बाजारात लिलाव पुकारून आवाज असा कमावलेला, की त्यांनी घरात मीठ मागितलं तर तीन घरांतून मीठ यायचं. भाऊ गेला त्या दिवसापासून त्यांनी हातात भोंगा धरला होता, आणि पाय चालत होते तोवर कारखान्यासमोर एक दिवस चुकवला नव्हता. बाईंची फी त्यांनी भरली, आणि बाईंच्या नोकरीची बातमी भोंग्यावरून त्यांनीच दिली. कारखान्याला ती बातमी धमकीसारखी ऐकू गेली होती.

मधे कंबरेनं दगा दिला. काठी आली, मग काठीनंही पुरेना. तेव्हा काका लेकीकडे गेले, दुसऱ्या गावी, आणि निम्मं वर्ष तिकडेच राहिले. परत आले ते ताडताड चालत. "तिकडच्या मालिशवाल्याचं तेल!" त्यांनी जाहीर केलं. सगळी गल्ली तेलाच्या बाटल्यांवर तुटून पडली.

काका ओट्यावर बसून ठिणगीची वेणी घालत होते. बाह्या वर सरकवलेल्या. दोन्ही कोपरांच्या आत रक्त काढल्यावर लावतात तसल्या पट्ट्या.

"दोन्ही हातांना कशा?" बाईंनी सहज विचारलं.

"नर्सला डाव्यात शीर मिळेना गं. आमचं रक्तसुद्धा आंदोलन करतं, लवकर बाहेर येत नाही." काका गडगडाटी हसले.

बाई हसल्या नाहीत. पण तेव्हा त्यांना कळलं नाही की आपण का हसलो नाही.

"काका, नळ्या बदलल्यात कुणीतरी."

वेणीचे पेड हातात तसेच राहिले.

"कोण म्हणतं?"

"यंत्र. तुम्ही राखणीला होतात. कुणी आलं होतं?"

"चिटपाखरू नाही. पण पोरी, तो आइस्क्रीमवाला... त्याच्याकडे दुसरी चावी असेलच की. गरीब माणूस आहे. गरिबाला फोडणं सोपं असतं."

आतून वहिनी, ठिणगीची आई, लाटणं घेऊनच बाहेर आली. "त्या मेल्याचा दुसरा हात मी मोडते!"

"वहिनी, आधी लाटणं ठेव. मी कारखान्याच्या डॉक्टरला भेटून येते."

"मीही येतो," काका पटकन म्हणाले. "त्या लांडग्यासमोर तुला एकटीला नाही सोडणार."

कारखान्याच्या दारात धातू ओळखणारी चौकट होती. बाई गेल्या, चौकट गप्प. काका गेले, चौकट किंचाळली. काकांनी किल्ल्या काढल्या. किंचाळली. घड्याळ काढलं. किंचाळली. आता फक्त पायजमा उरला, तेव्हा पहारेकरी घाईघाईनं म्हणाला, "मशीन बिघडलंय काका, जा तुम्ही."

कारखान्याचे डॉक्टर गोरेगोमटे, गुबगुबीत. कोचावरच्या फायली त्यांनी बाईंसाठी उचलल्या. काकाही कोचावर टेकायला गेले, तर डॉक्टर धावले.

"अहो, तिथं नको, खोल आहे तो! तुम्ही ह्या खुर्चीवर बसा. उंच आहे."

शत्रूची एवढी काळजी, बाईंच्या मनात आलं. माणूस सभ्य दिसतो.

"गल्लीचं रक्त काढलं त्या रात्री तुम्ही कुठं होतात?"

"घरी. झोपलो होतो. मला रक्ताचं... म्हणजे, गल्लीच्या रक्ताचं मला काय?"

"नळ्या बदलल्यात."

"कोण म्हणतं?" डॉक्टर म्हणाले. शब्द तेच. सूरही तोच. बाईंनी काकांकडे पाहिलं. काका भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. ते मागच्या वर्षीचं होतं.

परत येताना काका पुढे चालत होते. ताडताड. बाई मागून त्यांची चाल बघत होत्या.

तेल. चौकट. उंच खुर्ची. दोन पट्ट्या. आणि जोडीनं चढलेले दोन धातू.

बाई रस्त्यातच थांबल्या. त्यांना वाटलं, आपल्याला हे कळलं नसतं तर बरं झालं असतं.

"काय गं, दमलीस?" काकांनी वळून विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कँटीन खच्चून भरलं होतं. परवाना देणारे अधिकारी मधोमध, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला भोंगा मांडीवर घेऊन काका. मिठाईचे खोके आधीच आले होते. कँटीन कारखान्याच्या दाराशीच होतं, वाट तीच चौकट ओलांडून. काका आत आले तेव्हा ती किंचाळली होती, आणि सवयीनं कुणीही मान वळवली नव्हती.

बाई उठल्या.

"अहवाल वाचते. अहवालाप्रमाणे ह्या गल्लीतल्या सगळ्यांच्या अंगात कोबाल्ट आहे. शिंप्याच्या सुनेच्या, कोपऱ्यावरच्या आजोबांच्या, आमच्या ठिणगीच्या. सगळ्यांच्या मांडीत धातूचा सांधा बसवलेला आहे, आणि तो घासतोय."

सभेत हशा पिकला. अधिकारी हसले नाहीत.

"म्हणजे काय, बाई?"

"म्हणजे सगळ्या नळ्यांत एकाच माणसाचं रक्त आहे. रक्तगटसुद्धा एकच. ज्यांनी हे केलं त्यांना वाटलं आम्ही फक्त शिसं बघणार. यंत्र सगळंच बघतं. कोबाल्ट आणि क्रोमियम असे जोडीनं चढतात ते कठीण धातू घासला की. तसं काम ह्या गल्लीत कुणी करत नाही. मग उरतो तो खुब्याचा कृत्रिम सांधा. धातूच्या वाटीत धातूचा गोळा. माणूस चालला की दोन्ही घासतात, आणि कण रक्तात उतरतात."

"पण आमच्यात असा सांधा कुणी बसवलाय?" वहिनी ओरडली.

बाईंनी तोंड उघडलं. नाव ओठापर्यंत आलं आणि अडलं. ज्या माणसानं फी भरली, त्याचं नाव भर सभेत घ्यायला जीभ वळेना. त्यांनी नर्सला खूण केली. नर्सनं ट्रे पुढे आणला.

"ताजं रक्त घेऊन जुळवून बघू. इथंच, सगळ्यांसमोर. डॉक्टर, सुरुवात तुमच्यापासून."

डॉक्टरांनी सुईकडे पाहिलं. गोरा चेहरा आधी पिवळा झाला, मग हिरवट.

"मला नको! दुसऱ्याला टोचतो, पण स्वतःला सुई चालत नाही! त्या रात्री माझंच घ्यायचं ठरलं होतं, मी सुई बघूनच आडवा झालो, म्हणून तर ह्यांचं..."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, पण बोट गिळता आलं नाही. ते काकांकडे रोखलेलं होतं. मग डॉक्टर मिठाईच्या खोक्यांवर कोसळले.

कुणी त्यांना उचलायला गेलं नाही. सगळे काकांकडे बघत होते.

"म्हातारा नाही असा!" आइस्क्रीमवाला उभा राहिला. "खोटं आहे! काका, सांगा ना खोटं आहे म्हणून!"

ज्या आवाजानं तीन घरांतून मीठ यायचं, त्यातून शब्द निघेना.

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "काका लेकीकडे गेले ते तेलासाठी नाही, ऑपरेशनसाठी. खर्च कारखान्यानं केला. म्हणून दारातली चौकट त्यांना बघून ओरडते, ती बिघडलेली नाही. म्हणून डॉक्टरांनी त्यांना खोल कोचावर बसू दिलं नाही. नव्या सांध्याच्या माणसानं खोल बसायचं नसतं, आणि ते ह्या डॉक्टरांना माहीत होतं. आपल्याला नव्हतं. नर्सनं सगळ्यांना एकदाच टोचलं, डाव्या हाताला. काकांच्या उजव्या हातालाही पट्टी होती. फ्रीजची चावी त्यांच्याकडे, राखणीला तेच. रात्री डॉक्टर आले, कोऱ्या नळ्या आणल्या, काकांच्या रक्तानं भरल्या, चिठ्ठ्या इकडच्या तिकडे चिकटवल्या. काका निम्मं वर्ष धुळीपासून लांब होते, म्हणून त्यांच्यात शिसं कमी. झालं."

"पोरी," काका अखेर म्हणाले. "संडासात बसता येत नव्हतं गं मला. रात्रभर ओरडायचो, उशीत तोंड खुपसून. मोर्चाच्या पुढे चालायला पाय तर हवेत ना? ते म्हणाले, पाय देतो. नंतर म्हणाले, एक रात्र दे. मला वाटलं, एकदाच. मग पुढे मी पुन्हा लढलोच असतो की, चांगल्या पायांनी."

"आणि मला त्या आइस्क्रीमवाल्याच्या अंगावर सोडलंत?" वहिनी म्हणाली. तिच्या हातात आज लाटणं नव्हतं. काकांना ते असतं तर बरं वाटलं असतं.

"त्यांनी चांगल्यातला सांधा दिला म्हणाले," काका पुटपुटले. "परदेशी."

"काका, चांगल्या सांध्यात धातूवर धातू घासत नाही," बाई हळू म्हणाल्या. "हा स्वस्तातला आहे. जुन्या पद्धतीचा. आता कुणी बसवत नाही. त्यांनी तुमच्यावर पैसे वाचवले म्हणून तुम्ही सापडलात. चांगला बसवला असता तर रक्तात काहीच दिसलं नसतं. तुम्हालाही दवाखान्यात दाखवायला लागेल. तो विष सोडतोय."

काकांनी मांडीवर हात ठेवला. तिथं काही चावत असल्यासारखा.

अधिकाऱ्यांनी परवान्याचा कागद घडी करून खिशात घातला. "नमुने पुन्हा घ्या. आत्ता. माझ्यासमोर."

रांग लागली. सगळ्यांत पुढे ठिणगी. तिनं बाही वर केली, सुई बघितली, आणि मान वळवून गर्दीत शोधायला लागली.

"आत्या, मागच्या वेळी हात भोंगाआजोबांनी धरला होता. त्यांना बोलव."

काका अर्धवट उठले.

वहिनी मधे येऊन उभी राहिली. काका तिच्या खांद्यावरून पोरीकडे बघत राहिले, मग भोंगा खुर्चीवर ठेवून दाराकडे वळले. ताडताड नाही. हळू, जुन्यासारखे.

बाईंनी ठिणगीचा हात धरला. "इकडे बघ. माझ्याकडे."

दारातली चौकट किंचाळली.

"मशीन बिघडलंय काका, जा," पहारेकरी सवयीनं म्हणाला.

"नाही," बाई मान न वळवता म्हणाल्या. "मशीन ठीक आहे."